जुने नाणे आणि त्याचे मोल

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, देवघरात किंवा आजीच्या पत्र्याच्या पेटीत, फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी असते. ती सोडली की तांब्याची चार काळवंडलेली नाणी, एखादा भोकाचा पैसा आणि एखादी जुनी नोट निघते. लहानपणी मी आमच्या आजीला विचारी, "आजी, हे विकून आता काय येईल?" आजी म्हणे, "काय यायचंय? आठवण येईल!" आणि पुरचुंडी पुन्हा जागेवर जाई.

हल्ली त्याच प्रश्नाला निराळे उत्तर मिळू लागले आहे. मोबाइलच्या पडद्यावर कोणी एक गृहस्थ शपथेवर सांगतो की, ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट आपल्याजवळ असेल तर आपण लखपती झालोच. हे उत्तर खरे की आजीचे खरे, याचा निवाडा करण्याचा प्रसंग गेल्या हिवाळ्यात माझ्यावर आला. त्याचीच हकिगत आज सांगणार आहे.

आमच्या शेजारी तात्या म्हणून एक शेतकरी राहतात. वय सत्तरीच्या पुढे, दीड एकर कोरडवाहू जमीन आणि एक दुभती म्हैस. त्यांच्या नातीला नर्सिंगच्या शिक्षणक्रमाला प्रवेश मिळाला होता आणि फीच्या पहिल्या हप्त्याची जुळवाजुळव चालली होती. एका संध्याकाळी तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि त्यांनी बंडीच्या खिशातून पुरचुंडी काढली.

"मास्तर, तुम्ही कालिजात इतिहास शिकिवता. ह्ये बघा जरा. ह्यो ट्रॅक्टरवाला कागुद हाय न्हवं, त्येचं लाख रुपये येत्यात म्हनं. नातवानं मोबाइलात बघितलंय. आन् ही देवातली नाणी. शिवाजी म्हाराजांची हाईत. त्येचं तर किती येत्याल!"

नाणी अकरा होती. दोन इंग्रजी अमदानीतली, बाकीच्या नऊ शिवराया. शिवराई म्हणजे शिवछत्रपतींच्या नावाचे तांब्याचे नाणे. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे. १६७४ साली रायगडावर महाराजांना राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर हे नाणे रयतेच्या हाती खेळू लागले. महाराजांच्या पश्चातही ही धाटणी शतकाहून अधिक काळ चालली. पेशवाईत चालली आणि कंपनी सरकारनेही प्रारंभी काही वर्षे याच धाटणीचे पैसे पाडले, कारण लोकांचा विश्वास त्याच अक्षरांवर होता. मला फार आनंद झाला. योगायोगाने पुढच्याच आठवड्यात कोल्हापुरात जुनी नाणी, नोटा, टपालतिकिटे आणि इतर संग्राह्य वस्तूंचे प्रदर्शन भरणार होते. "तात्या, आपण दोघेही जाऊ. जाणकारांना दाखवू," मी म्हणालो. तात्यांनी पुरचुंडी विश्वासाने माझ्या हवाली केली.

आणि येथेच माझ्या हातून एक चूक झाली. नाणी काळीहिरवी पडली होती. चार लोकांत न्यायची तर जरा नीटनेटकी असावीत, असे मला वाटले. रात्री चिंचेचा कोळ, मीठ आणि राख घेऊन, देवाची ताम्हन-पळी घासावी तशी ती अकराही नाणी मी घासघासून काढली. सकाळी ती अशी लखलखत होती की विचारू नका! तात्याही खूष झाले. "मास्तर, आता मातूर सोन्यावानी दिसाय लागली," म्हणाले.

सकाळच्या एस. टी.ने आम्ही कोल्हापूर गाठले. प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होते. जेथे एरव्ही पंगती बसतात तेथे लांब लांब मेजे मांडून दुकाने थाटली होती. मेजावर काच, काचेखाली नाणी, शेजारी भिंग आणि तोलायचा इवलासा काटा. कोणी परकीय नोटांची चळत घेऊन बसलेला, कोणी काड्यापेट्यांचे छाप वहीत चिकटवून आणलेले. एखाद्या जत्रेत शिरल्यासारखे वाटत होते. फरक एवढाच की, जत्रेत लोक मोठ्याने बोलतात आणि येथे सगळे खाली मान घालून, डोळ्याला भिंग लावून पुटपुटत होते.

एका कोपऱ्यात मात्र पोरांचा कल्ला चालला होता. दहाबारा वर्षांची मुले जमिनीवर बसून रंगीत पत्त्यांची अदलाबदल करीत होती. ट्रेडिंग कार्ड म्हणतात त्यांना. एका पत्त्यावर क्रिकेटपटू, दुसऱ्यावर कसलासा जपानी काल्पनिक प्राणी. "तुझा हा एक दे, माझे तीन घे," असा सौदा चाललेला. मला माझे बालपण आठवले. आम्हीही कुस्तीगिरांच्या चित्रांचे पत्ते असेच जमवीत असू आणि एका पैलवानासाठी मधल्या सुट्टीत मारामाऱ्या करीत असू. तात्यांनी विचारले, "ह्यो पोरखेळ हितं कशापायी?" मी तेथल्या एका जाणत्या तरुणाला तोच प्रश्न केला. त्याने जे सांगितले ते ऐकण्यासारखे आहे.

अमेरिकेत पूर्वी सिगारेटच्या पाकिटात चित्रांचे पत्ते घालीत. पाकीट चेपू नये आणि गिऱ्हाईकही बांधलेले राहावे, असा त्यात दुहेरी हिशेब होता. १९०९ ते १९११ या काळात तेथे बेसबॉलपटूंच्या चित्रांची अशी एक माला निघाली. तीत होनस वॅग्नर नावाच्या नामांकित खेळाडूचा पत्ता होता. परंतु त्याने आपले चित्र छापण्यास हरकत घेतली म्हणतात, आणि त्याचा पत्ता छापणे लवकरच थांबले. त्यामुळे त्याचे फार थोडे पत्ते बाहेर पडले. २०२२ साली त्यातला एक ७२ लाख ५० हजार डॉलरना विकला गेला. आपल्या हिशेबाने पन्नास कोटींहून अधिक रुपये! तात्यांनी तो आकडा ऐकला आणि आपली पुरचुंडी घट्ट धरली.

पण त्या तरुणाने पुढचेही सांगितले, आणि आपण ते विसरू नये. त्याने आपल्या पेटीतून एक शिशाचे नाणे काढले. ते सातवाहनांच्या काळचे होते. "हे पावणेदोन हजार वर्षांहूनही जुने," तो म्हणाला, "पण अशी झिजलेली नाणी बरीच सापडतात. म्हणून शाळकरी मुलालाही परवडेल अशा किमतीत देतो. तो सिगारेटचा पत्ता शंभर-सव्वाशे वर्षांचा, त्याला कोट्यवधी. वयाला किंमत नसते, काका. किती थोडे उरलेत, कोणत्या स्थितीत आहेत, खरे आहेत की बनावट, आणि ते हवे असणारे किती आहेत, यावर किंमत ठरते."

जुने ते सोने, अशी म्हण आपण सारखी वापरतो. बाजारात ती चालत नाही, हे त्या दिवशी मला उमगले.

मग आम्ही एका वयस्क नाणेतज्ज्ञांच्या मेजाशी गेलो. तात्यांनी पुरचुंडी सोडली. त्यांनी पहिले नाणे भिंगाखाली धरले आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले.

"ही घासली कोणी?"

मी इतिहासाचा प्राध्यापक. पण त्या क्षणी मला माझ्या गावच्या शाळेतल्या बाकावर उभे केल्यासारखे वाटले. "मीच," म्हणालो.

ते रागावले नाहीत. शांतपणे समजावू लागले. "तांब्यावर वर्षानुवर्षे जो काळसर-हिरवट थर चढतो, ती घाण नव्हे. ते नाण्याचे वय आहे. त्याच्यावरून खरे-खोटे ओळखायला मदत होते आणि खालची अक्षरेही तोच राखतो. आता बघा, या दोन नाण्यांवरचा 'छ' जेमतेम दिसतो. कडेची बारीक रेघ तर गेलीच. मुळात ही नाणी हाताने पाडलेली. धातूचा तुकडा दोन ठशांमध्ये ठेवायचा आणि वरून घण घालायचा. तुकडा लहान, ठसा मोठा. म्हणून पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उमटतो. जे उमटले होते ते तुम्ही राखेने पुसलेत."

मला वाईट वाटले ते एवढ्याचसाठी नव्हे. तात्या एक शब्दही बोलले नाहीत, त्याचे वाईट वाटले.

शिवरायांची किंमत त्यांनी सांगितली ती शेकड्यांत होती, लाखांत नव्हे. शिवराई आपल्याकडे पुष्कळ सापडते, कारण ती गोरगरिबांचे नाणे होती. घासल्यामुळे त्यांतूनही काही वजा झाले. शेवटी तात्यांनी ती ट्रॅक्टरची नोट पुढे केली. तज्ज्ञ हसले. "ही तर आजही चालते हो. बाजारात द्या, पाच रुपयांचा माल मिळेल. अगदी कोरी करकरीत किंवा काही खास क्रमांकाची असती तर एखाद्या हौशी माणसाने थोडे जास्त दिले असते. लाख रुपये कोणी सांगितले?"

तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "पर नातवानं तर पैसं भरल्यात."

तेव्हा सगळी गोष्ट बाहेर आली. मोबाइलवरच्या त्या गृहस्थाने प्रथम नोटेचे छायाचित्र मागितले. मग आपले ओळखपत्र म्हणून रिझर्व्ह बँकेच्या बोधचिन्हाचा एक कागद पाठविला. नोट पाच लाखांना घेतो, मात्र आधी नोंदणी शुल्क पाठवा, म्हणाला. ते पाठविले. मग कराची रक्कम मागितली. तीही पाठविली. असे करता करता चौदा हजार रुपये गेले होते. फीच्या हप्त्यासाठी साठविलेले पैसे होते ते.

श्रोतेहो, येथे मी कथा क्षणभर थांबवितो, कारण हे आपल्या घरीही घडू शकते. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून स्पष्ट सांगितले आहे की, जुन्या नोटा आणि नाणी यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही, अशा व्यवहारासाठी ती कोणाकडून शुल्क किंवा दलाली मागत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. साधा व्यवहार लक्षात ठेवा. जो विकत घेतो तो पैसे देतो. आपला माल विकत घेणाराच आधी आपल्याकडे पैसे मागू लागला, की तेथेच उठावे. आणि चुकून पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

आम्ही तेथूनच तक्रार नोंदविली. पण मधे सतरा दिवस गेले होते. पैसे परत आलेले नाहीत.

परत फिरण्यापूर्वी चहा घ्यावा म्हणून बसलो, तर शेजारच्या खुर्चीवर टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते विकायला आले नव्हते, दाखवायला आले होते. त्यांच्या वहीत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे १९५८ सालचे तिकीट होते. कर्व्यांची शंभरी झाली तेव्हा सरकारने ते काढले, आणि अण्णांनी ते हयातीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पण मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. या गृहस्थांनी ते तिकीट कापून काढले नव्हते. अख्खा लिफाफा ठेवला होता. मी कारण विचारले.

"तिकीट लाखांनी छापतात," ते म्हणाले. "पण हा शिक्का पाहिलात का? हे आमच्या गावचे टपाल. ही तारीख. आणि हा पत्ता माझ्या आईच्या हातचा. ती साक्षर झाल्यावर तिने लिहिलेले हे पहिले पत्र. तिकीट सोडवून घेतले असते, तर उरले काय असते? रंगीत कागदाचा चिटोरा."

तात्यांनी तो लिफाफा दोन्ही हातांनी धरून पाहिला. त्यांना वाचता येत नाही. पण पाहिला.

या गृहस्थांनी जे एका लिफाफ्याबद्दल सांगितले, तेच इतिहासात फार मोठ्या प्रमाणावर खरे ठरले आहे. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तेथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. सगळी क्षत्रप राजा नहपान याची. परंतु त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. शत्रूचे नाणे घेऊन त्यावर स्वतःचे चिन्ह उमटविणे याचा अर्थ उघड आहे. सातकर्णीने नहपानाचे राज्य जिंकले होते. लेण्यांतल्या शिलालेखांना या साठ्याने भरभक्कम पुरावा जोडला. आता असे समजा की, ज्यांना तो साठा सापडला त्यांनी तो वाटून घेतला असता, किंवा सोनाराच्या मुशीत घातला असता. चांदी आली असती, इतिहास गेला असता. नाणे आपल्या जागेवरून, आपल्या सोबत्यांतून उठविले की ते मुके होते.

शेतकरी बंधूंना म्हणून एक विनंती. नांगराच्या फाळाला, विहीर खणताना किंवा घराचा पाया काढताना मडके लागले, तर ते फोडून वाटू नका, घासू नका. १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. कळविले म्हणजे सारे गेले, असेही नाही. सापडणाऱ्याच्या आणि जमीनमालकाच्या हक्काची तजवीज त्याच कायद्यात आहे. लपविले तर मात्र तो हक्कही जातो आणि गुन्हाही पदरी येतो. तसेच, शंभर वर्षांपूर्वीची नाणी व पुरावस्तू खासगी माणसाला परदेशी पाठविता येत नाहीत, असे १९७२ चा कायदा सांगतो.

आता शिक्षकबंधू आणि भगिनींशी दोन शब्द. मुलांना संग्रहाचा नाद उपजतच असतो. चिंचोके, काचेच्या गोट्या, पत्ते, काहीही. हा नाद मोडू नका, त्याला वळण लावा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची गोष्ट मुलांना सांगा. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, स्वयंपाकघरातल्या आणि माजघरातल्या वस्तू जमविल्या. इतरांना त्या अडगळ वाटत. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहाला दिले आणि तो सारा महाराष्ट्राला देऊन टाकला. त्यांनी सोने जमविले नव्हते, माणसांचे राहणे जमविले होते.

शाळेत एक दिवस ठरवा. प्रत्येक मुलाने घरची एक जुनी वस्तू आणावी. सोबत एक कागद. त्यावर चार ओळी: वस्तू काय, कोणाची, कोठून आली, केव्हापासून घरात आहे. ही माहिती मुलाने घरच्या वडीलधाऱ्यांना विचारूनच लिहावी. वस्तू दुसऱ्या दिवशी घरी परत जावी, कागद मात्र शाळेत राहावा. पाच वर्षांत आपल्या गावाचा इतिहास आपल्या कपाटात जमेल. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै, हे गणित १९५७ साली दशमान पद्धती आल्यावर पुस्तकातून गेले. पण भोकाचा पैसा हातात दिला की मूल ते आपण होऊन विचारते. मग सांगा, दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई पडली म्हणून १९४३ पासून या पैशाला भोक पाडले गेले. आणि एवढे मात्र कटाक्षाने सांगा, की नाणे चिंचेने घासायचे नाही, लिंबाने नाही, राखेने तर नाहीच. कोरड्या कागदी पाकिटात, प्रत्येक वेगळे ठेवायचे. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

तात्यांचे पुढे काय झाले, ते सांगून संपवितो. नाणी त्यांनी विकली नाहीत. अकरा नाण्यांचे जे आले असते त्याने हप्ता भरला नसताच. म्हैस विकली. नात शिकायला गेली. नातू महिनाभर कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. तात्या त्याला एकदाही रागे भरले नाहीत, एवढे मी पाहिले आहे.

एक दिवस तेच माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, त्या लिफाफ्यावानी आमच्या नाण्याचं काय लिवून ठेवाय येतंय का?" मी कागद घेऊन बसलो. त्यांच्या पणजीला तिच्या आईने लग्नात ओटीत घातलेल्या त्या शिवराया. दुष्काळात घरातले सगळे मोडले, ह्या मोडल्या नाहीत, कारण त्या देवात होत्या. तात्या सांगत गेले, नातू शेजारी बसून लिहीत गेला. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिले.

तो कागद आता पुरचुंडीत आहे. शिवरायांवरचा जो थर मी घालविला तो परत यायला पुष्कळ वर्षे लागतील. आणि आमची आजी म्हणत असे तेही काही अगदी खोटे नव्हते.